राण्यांच्या जोडीवर तीन शब्द: स्लो प्ले, स्लो रोल आणि कूलर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तराचा धागा सापडेल. होल्डेम या पोकरच्या प्रकाराचे नियम तुम्हाला येतात, पण टेबलावर बसलं की निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. परवाच्या डावात तुमच्या हातात राण्यांची जोडी होती. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, राणी, सत्ती आणि दुर्री आली. समोरचा चिप्स लावत गेला, तुम्ही फक्त कॉल करत राहिलात, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालत राहिलात. टर्नला (चौथं पान) तिर्री आली, रिव्हरला (पाचवं, शेवटचं) अठ्ठी. बोर्डवर, म्हणजे या पाच पानांत, एकाही रंगाची तीन पानं नव्हती. त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. तुम्ही मिनिटभर कपाळाला आठ्या घालून बसलात, सुस्कारा टाकलात आणि मग ‘कॉल’ म्हणून राण्या उघडल्या. त्याच्याकडे सत्त्यांची जोडी निघाली. एकजण म्हणाला, ‘काय सुंदर स्लो प्ले!’ दुसरा तडकला, ‘असा स्लो रोल करायचा नसतो.’ आणि हरलेला ‘कूलर’ एवढंच पुटपुटत उठला. यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

तिघंही बरोबर. एकाच डावात तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि तिघांनी एकेकीला नाव दिलं.

स्लो प्ले म्हणजे हातात भारी पानं असताना मुद्दाम मवाळ खेळणं. तुम्ही फ्लॉपवर रेज केली नाहीत (त्याच्याहून जास्त लावलं नाहीत), नुसतं कॉल केलंत, म्हणजे तुमचा हात कमकुवत आहे असं समोरच्याला वाटावं आणि त्याने स्वतःहून पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) वाढवावा. ही चाल आहे. ती चांगली की वाईट यावर तासभर वाद घालता येईल, पण ती खेळाच्या आत बसते. (माझं मत विचाराल तर नवख्या खेळाडूने स्लो प्ले फार कमी करावा. समोरचा कॉल करणारच असेल तर त्याला फुकटात पुढचं पान दाखवण्यात नुकसान आपलंच असतं.)

स्लो रोल ही चाल नाही. निर्णय संपलेला असतो, आपण जिंकलोय हे आपल्याला ठाऊक असतं आणि तरीही पानं उघडायला किंवा कॉल म्हणायला आपण वेळ लावतो, त्याला स्लो रोल म्हणतात. त्यातून एकही जादा चिप मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की समोरच्याला क्षणभर जिंकल्यासारखं वाटतं आणि मग ते हिसकावलं जातं. म्हणून टेबलावर याच्याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही. मी खेळाडू म्हणून बसलोय आणि काही वर्षं पानं वाटायलाही बसलोय. मोठ्या रकमा हरून हसत उठलेली माणसं मी पाहिली आहेत, पण स्लो रोल झाल्यावर शांत राहिलेला माणूस क्वचित पाहिला.

आता तुम्ही म्हणाल, मी खरंच विचार करत होतो. पण तुमच्या बोर्डवर विचार करण्यासारखं काही नव्हतंच, कारण तुमच्याकडे नट्स होते. नट्स म्हणजे समोर उघडलेल्या पाच पानांवर बनू शकणारा सर्वांत मोठा हात. राणी, अठ्ठी, सत्ती, तिर्री, दुर्री अशी पाच पानं ताडून बघा. जोडी नाही, म्हणजे फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) किंवा चार सारखी पानं शक्य नाहीत. एका रंगाची तीन पानं नाहीत, म्हणजे फ्लश (एका रंगाची पाच पानं) नाही. कोणतीही दोन पानं हातात असली तरी यातून सलग पाच जुळत नाहीत, म्हणजे स्ट्रेटही नाही. उरल्या तीन सारख्या, आणि त्यात सर्वांत मोठ्या तीन राण्या. गंमत म्हणजे होल्डेममध्ये शेवटचं पान पडल्यावर असू शकणारे सर्वांत लहान नट्स म्हणजे तीन राण्याच, आणि ते नेमके अशाच बोर्डवर होतात. बोर्डवरचं मोठं पान राणीपेक्षा लहान असेल आणि जोडी नसेल, तर कुठून ना कुठून स्ट्रेट शक्य होतोच. तुमच्याकडे चुकून एक दुर्मीळ नमुना आला होता.

नट्स हातात असताना शेवटी फक्त कॉल करायचं उरलं असेल तर लगेच म्हणायचं आणि लगेच पानं टाकायची. तुमच्या मागे अजून कोणी खेळायचं बाकी असेल किंवा रेज करायला चिप्स उरल्या असतील, तर वेळ घ्यायला हरकत नाही, कारण तेव्हा निर्णय खराच शिल्लक असतो. दुसऱ्या क्रमांकाचा हात असेल तर थोडा विचार कोणीही समजून घेतो.

आता तिसरा शब्द, कूलर. या बोलीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. हरण्यासाठी पोकरमध्ये अनेक शब्द आहेत आणि नवखे खेळाडू ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. तसं केलं की आपण का हरलो हेच कळेनासं होतं.

एकच डाव घेऊ. एकाकडे एक्क्यांची जोडी, दुसऱ्याकडे राजांची. फ्लॉपच्या आधीच दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये. एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. समजा एक्के जिंकले. राजेवाल्याच्या दृष्टीने हा कूलर: हात इतका मोठा की सोडून देणं जवळपास अशक्य, आणि समोर नेमका त्याहून मोठा. त्याने काही चुकीचं केलेलं नाही. आता समजा बोर्डवर तिसरा राजा आला आणि एक्के हरले. एक्केवाल्यासाठी हा बॅड बीट: चिप्स आत गेल्या तेव्हा तो बराच पुढे होता, पानांनी दगा दिला. आणि राजेवाल्याने केला तो सकआउट: मागे असताना नशिबाने वर येणं. पानं तीच, चिप्स त्याच. शब्द ठरतो तो चिप्स मध्ये गेल्या त्या क्षणी कोण कुठे उभा होता यावरून.

तुमच्याशी हरलेल्याकडे फ्लॉपवरच तीन सत्त्या झाल्या होत्या. हातात जोडी घेऊन फ्लॉप पाहिला तर तिसरं पान लागण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळा एकदा. असा हात घेऊन कोण थांबेल? समोर तुमच्या तीन राण्या होत्या. हातातल्या जोडीला बोर्डवर तिसरं पान लागलं की त्याला सेट म्हणतात, आणि सेटवर सेट हा कूलरचा सर्वमान्य नमुना. त्याने शब्द अचूक वापरला. तो जाणता खेळाडू दिसतो.

पण कान देऊन ऐका, ‘बॅड बीट’ हा शब्द दिवसाला पन्नास वेळा कानावर पडेल आणि त्यातले बरेचसे बॅड बीट नसतील. राण्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा असा सामना फ्लॉपच्या आधी झाला तर राण्या पुढे असतात, पण फार नाही, साधारण ५५–४५. याला कॉईन फ्लिप किंवा रेस म्हणतात. नाणं उलटं पडलं म्हणून कोणी अन्यायाची तक्रार करत नाही, तसंच हे. याउलट रनर-रनर हा खरा घाव. समोरच्याला जिंकायला टर्न आणि रिव्हर दोन्ही नेमकी हवी असतात आणि दोन्ही येतात. फ्लॉपवर एका रंगाची तीनच पानं असणाऱ्याला पुढची दोन्ही त्याच रंगाची मिळून फ्लश व्हायची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास असते.

हे मोजायला लागतो तो शब्द म्हणजे आउट्स: डेकमध्ये उरलेली, आपल्याला वर आणू शकणारी पानं. फ्लशला एक पान कमी असेल तर त्या रंगाची ९ पानं उरतात, म्हणजे ९ आउट्स. दोन्ही टोकांनी उघडी स्ट्रेट असेल तर ८. मधलंच एक पान हवं असेल तर ४, आणि त्याला गटशॉट म्हणतात. फ्लॉपनंतर दोन्ही पानं बघायची असतील तर आउट्सना ४ ने गुणा, एकच पान यायचं असेल तर २ ने. ९ आउट्सचे ३६ टक्के निघतात, खरा आकडा ३५. टेबलावर बसून एवढं पुरतं. आणि एकही आउट उरलेला नसताना चिप्स लावत राहणं म्हणजे ड्रॉइंग डेड: कोणतंही पान आलं तरी हरणारच.

एवढं सांगण्याचं कारण टिल्ट. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. चेंडू हवा तिकडे वळावा म्हणून कोणी यंत्र हलवलं, धक्के मारले, की आतली यंत्रणा ते ओळखते, ‘टिल्ट’ अशी पाटी पेटते, फ्लिपर निर्जीव होतात आणि चेंडू हातचा जातो. पोकरमधला टिल्ट हुबेहूब तसाच. राग येतो, नशिबाला ढकलून सरळ करावंसं वाटतं आणि नेमक्या त्याच क्षणी आपले हात काम करेनासे होतात. हरल्यावर आरडाओरडा करणारा टिल्टवर आहे हे कोणालाही दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती गप्प बसलेल्याची, जो एरवी सोडले असते असे हात आता खेळू लागतो, कारण ‘गेलेलं परत आणायचंय’. आणि या टिल्टची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या शब्दाने झालेली असते. रेस हरला आणि मनात ‘बॅड बीट’ म्हणाला. स्वतः वाईट कॉल करून हरला आणि ‘कूलर’ म्हणाला. नाव चुकलं की राग चुकीच्या ठिकाणी जातो, आणि सुधारायची ती चूक तशीच राहते.

आता बाकीचे शब्द जरा भराभर, पण जिथे घोटाळा होतो तिथे थांबून.

सेट आणि ट्रिप्स. दोन्ही म्हणजे तीन सारखी पानं, तरी वेगळी नावं आहेत. जोडी हातात आणि तिसरं बोर्डवर असेल तर सेट. जोडी बोर्डवर आणि एक पान हातात असेल तर ट्रिप्स. फरक मोठा आहे. सेट लपलेला असतो, कोणाला संशय येत नाही. ट्रिप्सची जोडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि तेच तिसरं पान दुसऱ्याच्याही हातात असू शकतं. मग निकाल लागतो किकरवर, म्हणजे जोडीला असलेल्या उरलेल्या पानावर. एक्का-राणीवाला एक्का-राजावाल्यासमोर बसतो तेव्हाही हेच होतं. एक्का लागून आनंद होतो आणि त्याच एक्क्यामुळे चिप्स जातात. अशा हाताला डॉमिनेटेड म्हणतात.

थ्री-बेट ऐकून बहुतेकांना वाटतं की तीनपट लावणं किंवा तिसऱ्यांदा लावणं. पहिल्यांदा रेज करणाऱ्याला कोणी पुन्हा रेज केलं की तो थ्री-बेट. मग दुसरीला तिसरी का म्हणायचं? कारण मोजणी बिग ब्लाइंडपासून होते. पानं पाहण्याआधी लावावी लागणारी ती सक्तीची रक्कम पहिली बेट धरतात, पहिली रेज दुसरी, आणि त्यावरची तिसरी. चौथीला साहजिकच फोर-बेट.

जागांचीही नावं आहेत. बिग ब्लाइंडच्या लगेच पुढचा खेळाडू अंडर द गन. फ्लॉपच्या आधी त्याला सर्वांत आधी बोलावं लागतं, बाकी सगळे मागे टपून असतात, त्यामुळे बंदुकीच्या नळीसमोर बसल्यासारखं वाटतं हे खरंच. पानं वाटणाऱ्याची खूण जिथे असते ती जागा बटन, आणि तिच्या आधीची कटऑफ. फ्लॉपनंतर बटनवाला शेवटी बोलतो, सगळ्यांचं ऐकून. म्हणून तीच पानं अंडर द गनला सोडायची आणि बटनवर खेळायची असं अनेकदा होतं.

कॉलच्या दोन जाती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हात बेताचाच, पण समोरचा नक्की ब्लफ करतोय (भारी हात नसताना असल्यासारखं लावतोय) असं वाचून केलेला कॉल म्हणजे हीरो कॉल. आणि मनातून हरणार हे माहीत असूनही केलेला तो क्राइंग कॉल. हा दुसरा नेहमीच चुकीचा नसतो. मध्ये ९०० चिप्स आहेत आणि तुम्हाला फक्त १०० घालायच्या आहेत, तर दहातून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. हे प्रमाण म्हणजे पॉट ऑड्स. पण ‘मी आता पॉट-कमिटेड आहे, सोडता येणार नाही’ असं कोणी म्हणालं की सावध व्हा. खरा पॉट-कमिटेड म्हणजे उरलेल्या चिप्स इतक्या थोड्या की हिशेबच कॉल करायला सांगतो. आधीच खूप घातलंय हे कारण त्यात बसत नाही. मध्ये गेलेल्या चिप्स आता कोणाच्याच नाहीत.

खेळाडूंना दिलेली नावं तुम्ही लवकर शिकाल, कारण ती सगळीकडे आहेत. अगदी थोडे, भारीच हात खेळणारा तो निट. सगळ्याला कॉल करणारा कॉलिंग स्टेशन. कशावरही रेज करत सुटणारा मॅनिअॅक. रोजच्या रोज बसून चिकाटीने थोडं थोडं कमावणारा ग्राइंडर. ही नावं उपयोगाची आहेत, कारण ती पुढे काय करायचं ते सांगतात: कॉलिंग स्टेशनसमोर ब्लफ करू नका, चांगला हात आला की सरळ मोठं लावा. पण फिश, डाँकी ही कच्च्या खेळाडूसाठीची नावं तोंडातून काढू नका. एक तर समोर बसलेल्या माणसाचा तो अपमान आहे. शिवाय चांगल्या खेळाडूला कच्च्या माणसाला घालवून देण्यात काहीच रस नसतो. मी पानं वाटताना हा शब्द ऐकला की डाव थांबवून समज देत असे.

पानांच्या टोपणनावांत बहुतेक नुसती मौज आहे. एक्क्यांची जोडी म्हणजे पॉकेट रॉकेट्स. ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. राजे ते काउबॉइज. आठचा इंग्रजी आकडा दोन गोळे एकावर एक ठेवल्यासारखा दिसतो म्हणून अठ्ठ्यांची जोडी स्नोमेन. एक्का-राजा म्हणजे बिग स्लिक. दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रन्सन म्हणतात. या अमेरिकन खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्रीच होती, दोन्ही वेळा फुल हाउस झालं. म्हणून ही पानं खेळावीत असं नाही. ती कमकुवतच आहेत.

एक्के आणि अठ्ठ्या अशा दोन जोड्यांना डेड मॅन्स हँड म्हणतात. वाइल्ड बिल हिकॉक या अमेरिकन बंदूकबाजाला २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवूड गावात पोकर खेळताना मागून गोळी घातली गेली. त्याच्या हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या असं परंपरेने सांगतात.

स्पर्धेची बोली निराळी. बबल म्हणजे आणखी एकच जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस मिळणार असतं तो काळ. त्यात जो बाद होतो तो रिकाम्या हाताने जातो, म्हणून सगळे श्वास रोखून खेळतात. सॅटेलाइट म्हणजे छोटी स्पर्धा जिचं बक्षीस मोठ्या स्पर्धेचा प्रवेश असतं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून १०,००० डॉलर प्रवेशशुल्काच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. तेव्हापासून हा शब्द घरोघरी गेला. ‘अ चिप अँड अ चेअर’ हे वाक्यही ऐकाल: एक चिप आणि एक खुर्ची उरली असेल तर अजून आशा आहे. ते जॅक स्ट्रॉसच्या नावाशी जोडलेलं आहे. १९८२ च्या मुख्य स्पर्धेत सगळं गेलं असं वाटत असताना त्याला एक चिप सापडली आणि तिथून तो विजेता झाला.

काही शब्द टेबल सोडून बाहेरही गेले. शेअर बाजारातला ‘ब्लू चिप’ इथलाच. जुन्या संचात पांढऱ्या, लाल आणि निळ्या चिप्स असत आणि निळी सर्वांत किमती. ‘ऑल-इन’ तर आता पोकर कधी न खेळलेलेही म्हणतात.

शेवटी शिष्टाचाराचे शब्द, कारण तुमची गाडी तिथेच अडली होती. स्ट्रिंग बेट म्हणजे एकदा चिप्स ठेवून पुन्हा हात मागे नेऊन आणखी आणणं. मधल्या वेळात समोरच्याचा चेहरा वाचता येतो म्हणून ते चालत नाही. आधी तोंडाने ‘रेज’ आणि रक्कम सांगा, मग चिप्स सावकाश मोजा. स्प्लॅशिंग द पॉट म्हणजे चिप्स मधल्या ढिगावर भिरकावणं. मग किती टाकल्या ते मोजता येत नाही. मक म्हणजे टाकून दिलेल्या पानांचा ढीग. आपली पानं त्याला लागली की बहुतेक ठिकाणी हात संपला, मग तो कितीही मोठा असो, म्हणून निकाल लागेपर्यंत पानांवर हात ठेवा. आणि अँगल शूटिंग म्हणजे नियम न मोडता, पण नियमाच्या फटीतून दुसऱ्याला फसवणं, उदाहरणार्थ कॉल केल्यासारखी हालचाल करून समोरच्याची पानं उघडायला लावणं.

तुम्ही केलंत ते अँगल शूटिंग नव्हतं, आणि दिसायला स्लो रोल असला तरी तो मुद्दाम केलेला नव्हता. तुम्हाला नट्स ओळखता आले नाहीत आणि पहिल्या मोठ्या पॉटची धडधड होती, एवढंच. सत्त्या धरून बसलेला तो पुढच्या वेळी भेटला की सरळ सांगा, ‘त्या दिवशी नट्स आहेत हे मला कळलंच नव्हतं, मुद्दाम थांबलो नव्हतो.’ जो माणूस सेटवर सेट हरून फक्त ‘कूलर’ म्हणून उठतो, त्याला ते लगेच समजेल.